शायरच्या वह्या

प्रिय सुध्या,

पत्र पाहून दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर गोळीवर. फोनवर हे बोलता आलं नसतं म्हणून लिहायला बसलो.

आपला शायर गेला, पोळ्याच्या आदल्या रात्री. ते तुला कळलंच असेल. तेरवीनंतर त्याच्या सुनेनं युरियाची एक थैली माझ्या ओट्यावर आणून ठेवली. "मामाजी म्हणत होते, ह्या मास्तरले देजो." आत वह्या.

कवितेचे पैसे तो कधी घेत नसे. सायकलच्या दांडीला टिनाची पाटी, 'रस्त्याचा कवी व तत्त्वज्ञ', आणि अट एकच: कविता ऐकाची असंल तर ज्याचं उत्तर तुमच्यापाशी नाही असा एक प्रश्न द्या. सारा कापूस सरकारच घ्यायचं त्या एकाधिकाराच्या काळात खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची, दोन-दोन दिवस नंबर लागत नसे, तेव्हा तर त्याचा हंगामच. 'कापूस पांढरा, चेक पांढरा, मंग घरात अंधार काऊन?' सोसायटीच्या कर्जाची कपात होऊन चेकमध्ये काय उरायचं ते त्या रांगेला ठाऊक होतं. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बाहेर आला की हा आणखी आवाज चढवायचा. तू म्हणायचा, ही कविता नाही, बोंब आहे. त्यावरून आपण यवतमाळच्या स्टँडवर भांडलो, शेवटची बस सुटली आणि तुझ्यापायी रात्र बाकावर काढली. लेका, ती कविताच होती!

वह्यांत कविता कमी आहेत, प्रश्नच जास्त. "कर्ज नवऱ्यानं काढलं, नवऱ्यानं एन्ड्रिन पेलं, मंग वसुलीवाला माह्या दारात काऊन?" "पाऊस पडत नाही तवा देव कोणाच्या वावरात असते?" "पोरगी शिकवली तर पोरगा भेटत नाही, नाही शिकवली तर हुंडा जास्त, मंग करू काय?" नाव कुठंच नाही. तो म्हणायचा, उत्तर ज्याचं त्याचं असते, प्रश्न गावाचा असते. तोंडातून निघाला का तो तुह्या एकट्याचा राहत नाही. त्याचं सारं तत्त्वज्ञान एवढंच, आणि मला ते फार मोठं वाटतं.

आता देवळाची समिती वह्या मागते आहे. 'संत शायरबाबांची अमृतवाणी' छापायची, वडाखाली समाधी बांधायची, दरवर्षी महाप्रसाद. प्रश्न गाळायचे, देवाधर्माचं तेवढं ठेवायचं. मी गाडगेबाबांचं सांगून पाहिलं. माझी मूर्ती करू नका, देऊळ बांधू नका, मी कोणाचा गुरू नाही, असं बजावत ते माणूस गावोगाव झाडत फिरलं. १९५६च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या काठी प्राण सोडला, तरी अमरावतीत समाधी झालीच. अध्यक्ष म्हणाले, "मंग काय बिघडलं? तुमीबी हात जोडताच ना तिथं." जोडतो, हे खरं आहे.

वह्या दिल्या तर शायरचा बाबा होतो. नाही दिल्या तर वाळवी आहेच. आणि मी तशाच छापल्या तर ज्या बायांनी हे विचारलं त्या अजून त्याच गल्ल्यांत राहतात. दोन ओळी वाचल्या की गाव ओळखंल.

मीही ओळखलं, सुध्या. एका पानावर आहे: "पाहुणे आले का माय हासते, मंग रातच्यानं काऊन रडते?" खाली त्यानं लिहून ठेवलंय, 'पोरगं, धा-अकराचं. कविता न ऐकता उठून गेलं.' तू मला कधी बोलला नाहीस, मीही काही विचारणार नाही. पण ते पान तुझं आहे. म्हणशील तर काढून पाठवतो, म्हणशील तर जागच्या जागी राहू देतो.

बाकीच्यांचं मला वाटतं ते असं: एकेकीच्या घरी जायचं, तिचा प्रश्न तिला वाचून दाखवायचा, ती हो म्हणाली तरच छापायचा, आणि तो जसा बोलला तसाच. अमृतवाणी वगैरे काही नको. समितीला दिवाळीपर्यंत थांबवून धरलंय. बायांकडे तू सोबत असलास तर बरं, तुझ्याशी त्या मोकळ्या बोलतात.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ऐकून जीव भांड्यात पडला. नागपूरच्या बदलीचं काय झालं? चिंगीचं जमलं तर तारीख सोयाबीन काढणीत धरू नका. त्या पानाचं मात्र आधी कळव, मी तोवर थैली कोणाच्या हाती देत नाही.

तुझा,
विलास