विमान ठरवण्याआधी रुग्णाची छाती तपासा

प्रति,
संपादक,

महोदय,

रुग्ण अत्यवस्थ झाला की हल्ली कोल्हापुरातही नातेवाईक एअर अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी करतात, आणि पहिला प्रश्न असतो भाड्याचा. पहिला प्रश्न रुग्णाच्या अंगात कुठे हवा अडकली आहे का, हा असायला पाहिजे.

विमान उंच गेले की केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका उतरतो. ८ हजार फुटांच्या दाबाला अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. अपघातात बरगड्या मोडलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाभोवतीची थोडी हवा खाली असताना त्रास देत नाही. वर गेल्यावर तीच फुप्फुस आणि हृदय दाबते. म्हणून निघण्याआधी ताजा एक्स-रे काढावा आणि हवा दिसली तर ती बाहेर काढणारी नळी छातीत घालून, तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडूनच न्यावे. स्ट्रेचर उचलताना बाटलीतले पाणी उलटे जाईल या भीतीने ही नळी चिमटा लावून बंद केली जाते. कृपया तसे करू नका, हवा आतच कोंडते. बाटली छातीच्या खाली धरावी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनळीतल्या ट्यूबचा फुगाही वर फुगतो, उतरताना सैल पडतो. त्याचा दाब दोन्ही वेळा मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवावा.

ऑक्सिजनचा हिशेब उड्डाणाच्या तासाभराचा करून चालत नाही. इथल्या कॉटपासून मुंबईतल्या कॉटपर्यंत चार तास सहज जातात. मिनिटाला १५ लिटर लागत असेल तर ३६०० लिटर झाले, आणि छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये असतो साधारण १५००. तीन तर लागतातच, शिवाय राखीव वेगळा.

विमानाने नेताना रुग्णाची उचलठेव चारदा होते आणि नळ्या, सलाइन निसटतात ते त्याच वेळी. पुण्यापर्यंतच न्यायचे असेल तर सुसज्ज कार्डिअ‍ॅक रुग्णवाहिका बऱ्याचदा बरी, उचलठेव दोनदाच.

जिथे न्यायचे त्या रुग्णालयाने आयसीयू बेड राखल्याचे लेखी हाती येईपर्यंत रुग्णाला हलवू नये.

उजळाईवाडी विमानतळावर रुग्णवाहिका कोणत्या फाटकाने विमानापर्यंत जाईल, ओळखपत्रे कोणाची लागतील, अवेळी परवानगीसाठी कोणाला फोन करायचा, एवढी माहिती विमानतळ प्रशासनाने एका पानावर छापून शहरातल्या प्रत्येक आयसीयूत लावावी, ही विनंती.

– एक भूलतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर