तिकिटातले अठरा रुपये : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

2025 च्या फेब्रुवारीत आमच्या वाचनालयात एक पोरगा निवेदनावर सह्या गोळा करत होता. संभाजीराजांवरचा ‘छावा’ टॅक्स फ्री करा, अशी मागणी होती. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं चित्रपट मंडळ चालवतो. चालवतो म्हणजे महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पडदा टांगतो. त्यामुळे गावात सिनेमाचं काहीही निघालं की माणसं माझ्याकडे येतात. मी त्याला विचारलं, “कुठला टॅक्स माफ करायचा रे?” तो म्हणाला, “जो काय असंल तो.”

सही मी केली नाही. त्याचं उत्तर मात्र इतकं प्रामाणिक होतं की अजून विसरलेलो नाही.

करमणूक कर 1 जुलै 2017 ला जीएसटीत गेला, हे आपल्याला मी सांगायला नको. महाराष्ट्रात तो करच उरलेला नाही, असं मुख्यमंत्र्यांनीही ‘छावा’ लागला त्याच सुमारास सांगितलं. गोवा आणि मध्य प्रदेशाने मात्र ‘छावा’ टॅक्स फ्री जाहीर केला. आता राज्य माफ करतं म्हणजे काय करतं? दोनशे रुपयांच्या तिकिटावर अठरा टक्क्यांनी छत्तीस रुपये जीएसटी लागतो. त्यातला निम्मा केंद्राचा. राज्याच्या हातात उरतात अठरा रुपये. मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतरात या अठरा रुपयांत पॉपकॉर्नचा वाससुद्धा येत नाही.

म्हणजे सवलत पैशाची नाहीच. तो शिक्का आहे. हा सिनेमा आमचा, हा पाहिलात तर तुम्ही आमचे. आणि ज्याला शिक्का मिळाला नाही तो आपोआप ‘त्यांचा’. माझी तक्रार या शिक्क्याबद्दल आहे.

10 जानेवारी 2020 चा शुक्रवार आठवून पाहा. ‘तान्हाजी’ आणि ‘छपाक’ एकाच दिवशी लागले. ‘छपाक’ची नायिका, दीपिका पदुकोण, तीन दिवस आधी दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात मारहाण झालेल्या विद्यार्थ्यांसोबत जाऊन उभी राहिली होती. झालं, मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान या तेव्हाच्या काँग्रेसच्या राज्यांत ‘छपाक’ला करमाफी मिळाली, आणि उत्तर प्रदेश, हरियाणात ‘तान्हाजी’ला. ॲसिडने चेहरा जळालेल्या मुलीचा पक्ष कोणता? कोंढाण्यावर पडलेल्या सुभेदाराचा कोणता? कुणी विचारलं नाही. आपल्याकडच्या तेव्हाच्या आघाडी सरकारनेही त्याच महिन्यात ‘तान्हाजी’ला सवलत दिली, कारण शिवकाळाचा विषय निघाला की महाराष्ट्रात कुणालाच मागे राहायचं नसतं. त्या आठवड्यात आमच्या गावातून जिल्ह्याला सिनेमा पाहायला गेलेल्यांपैकी दोन्ही सिनेमे पाहिलेला एकच माणूस मला भेटला. तो मल्टिप्लेक्समध्ये बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवायचा.

आता दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. माझी मतं डावीकडे झुकलेली आहेत, गावात सगळ्यांना माहीत आहे. 2022 च्या नोव्हेंबरात पणजीच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, समारोपाच्या मंचावर, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिड यांनी काश्मिरी पंडितांवरच्या ‘द काश्मीर फाइल्स’ला प्रचारपट म्हटलं. तो व्हिडिओ मी रात्री जेवणानंतर पाहिला आणि मोबाइलसमोर एकट्याने टाळ्या वाजवल्या. तेव्हा तो सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता! पुढे घरी बसून पाहिला. त्यात तांदळाच्या पिंपात लपलेल्या माणसाचा प्रसंग आहे. तो पाहताना मी काय करत होतो, तर ‘हे एकांगी आहे, हे मुद्दाम असं घेतलंय’ अशा नोंदी मनातल्या मनात करत होतो. पडद्यावर माणूस मारला जात होता आणि मी दिग्दर्शकाचा पक्ष मोजत होतो. बायकोने मध्येच विचारलं, “पाणी देऊ का?” तेव्हा लक्षात आलं की ती रडतेय.

सिनेमाबद्दल माझं मत नंतरही फारसं बदललं नाही. विद्यापीठातले प्रसंग मला आजही पुठ्ठ्याचे वाटतात. पण ते मत मी सिनेमा पाहून बनवलं नव्हतं. आधी बनवलं आणि मग त्याला पुरावे गोळा करायला सिनेमा पाहिला. असा मी एकटा नाही. आमच्या मंडळात एसटीतून निवृत्त झालेले एक कंट्रोलरकाका आहेत, माझ्या बरोब्बर उलट मतांचे. 2025 च्या एप्रिलात ‘फुले’वरून आम्ही दोघं चहाच्या टपरीवर दीड तास भांडलो. 11 तारखेला, जोतिरावांच्या जयंतीला लागायचा सिनेमा आक्षेपांमुळे 25 तारखेवर गेला होता. सेन्सॉरने जातींची नावं आणि ‘पेशवाई’सारखे शब्द बदलायला सांगितले होते. आम्ही दोघांनीही फक्त ट्रेलर पाहिला होता. दीड तासाचं भांडण, अडीच मिनिटांच्या ट्रेलरवर. सिनेमा लागल्यावर काका गेले नाहीत. मी गेलो, आणि मला तो सपाट वाटला. हे काकांना सांगायला मला तीन आठवडे लागले. (याच महात्मा फुल्यांवरच्या अत्र्यांच्या सिनेमाला 1954 सालचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं होतं. तोही कुणाला पटला असेल, कुणाला नसेल.)

आपण म्हणाल, माणसं आपापल्या मतांनी सिनेमा पाहतात, त्यात सरकारचा काय संबंध? माणसाने मतं चपलांसारखी दाराबाहेर काढून आत यावं, असं माझंही म्हणणं नाही. ते शक्य नाही आणि बरंही नाही. पण माझा चष्मा माझ्या नाकावर असतो. तो चुकीचा निघाला तर शेजारचा माणूस सांगू शकतो, बायकोचं रडणं सांगू शकतं. सरकारने चष्मा लावला की तो सगळ्यांच्या नाकावर बसतो. मग दिवे मालवायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

सरकारी चष्म्याला आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे. 1921 साली ‘भक्त विदुर’मध्ये विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी दिसली आणि मद्रास, कराचीत बंदी आली. 1930 साली शांतारामबापूंच्या ‘स्वराज्याचं तोरण’चं नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं, कारण साहेबाला ‘स्वराज्य’ शब्द सोसवेना. 1935 साली बालगंधर्व एकनाथ महाराजांच्या भूमिकेत उभे राहिले, तर ‘महात्मा’ या नावात सेन्सॉरला गांधी दिसले आणि सिनेमा ‘धर्मात्मा’ म्हणून लागला. पैठणचे नाथ आणि साबरमतीचा बॅरिस्टर! पण एवढं तरी कबूल करायला हवं की त्या सेन्सॉरने सिनेमा पाहिलेला होता.

स्वराज्य मिळाल्यावरही चष्मा गेला नाही, नाकं बदलली. आणीबाणीत ‘आंधी’ बंद झाला, कारण त्याच्या नायिकेत इंदिराबाई दिसल्या. 8 मे 2023 ला पश्चिम बंगाल सरकारने ‘द केरला स्टोरी’वर बंदी घातली, ती दहा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली, आणि त्याच सिनेमाला मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात करमाफी होती. बंदी आणि करमाफी मला तरी एकाच कारखान्यातला माल वाटतो. ‘छावा’नंतर महिन्याभराने नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा विधानसभेत बोलताना मुख्यमंत्र्यांनाही या सिनेमाचं नाव घ्यावं लागलं, औरंगजेबाविषयीचा राग त्यामुळे वर आला म्हणून. सिनेमाने दंगल होते की नाही, या वादात मी पडत नाही. पण सिनेमाकडे सिनेमा म्हणून पाहायची सवयच मोडली तर उरतो तो फक्त राग, माझा किंवा तुमचा.

आमच्या हॉलमधली एक गोष्ट सांगतो. 2017 चा जानेवारी होता. सिनेमागृहांत राष्ट्रगीत सक्तीचं करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश महिना-दीड महिन्यापूर्वीच आलेला. आम्ही ‘फँड्री’ दाखवत होतो. आपण तो पाहिला असेल. डुक्कर धरायला अख्खं कुटुंब पळतंय, सगळं गाव बघतंय, हसतंय. डुक्कर अगदी हाताशी येतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. पोरगा थांबतो, घरचेही जागच्या जागी उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते निघून जातं.

पडद्यावर हे चाललेलं असताना हॉलमध्ये अर्धे लोक उभे राहिले. अर्धे बसून राहिले. उभे होते ते बसलेल्यांकडे बघायला लागले, बसलेले उभ्यांकडे. मागून कुणीतरी ओरडलं, “लाज वाटत नाही का?” पुढून उत्तर आलं, “सिनेमा आहे हा, झेंडावंदन नाही.” मी प्रोजेक्टरपाशी होतो. मला पडदा दिसत होता आणि दोन्ही बाजूंच्या माना दिसत होत्या. पडद्याकडे एकही मान वळलेली नव्हती. जे कुटुंब त्या बावन्न सेकंदांत ताठ उभं राहून दिवसभराची मेहनत घालवत होतं, ते कुणीच पाहत नव्हतं.

महिन्याभराने न्यायालयानेच खुलासा केला की कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर उभं राहायची सक्ती नाही. तोवर आमच्याविरुद्ध तक्रार गेलेली होती. मला पोलिसांचं बोलावणं आलं. चौकशी करणारा माणूस भला होता, चहा पाजला. म्हणाला, “पुढच्या वेळी यादी आधी द्या. आणि सिनेमा आपल्यातला का त्यांच्यातला, तेवढं बाजूला लिहा.” मी विचारलं, आपल्यातला म्हणजे? तो हसला. यादी मी देतो. तो रकाना कोरा ठेवतो. नंतर वर्षभर आमच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या.

म्हणून मागणं आहे. महाराष्ट्राने कुठल्याही सिनेमाला, तो कितीही थोर पुरुषावर असो, नाव घेऊन करसवलत देणार नाही असं एकदा जाहीर करावं. परतावा द्यायचाच तर तिकीट पाहून द्यावा, विषय पाहून नव्हे. तालुक्याच्या गावी शंभर रुपयांच्या आतलं तिकीट लावून जो एकपडदा मालक तग धरून आहे, त्याला द्या. मग तो पडद्यावर सावित्रीबाई लावो, संभाजीराजे लावो नाहीतर भुताचा सिनेमा. मंत्र्यांनी पोरांना फुकट खेळ दाखवायला बसेस भरून नेणंही थांबवावं, दोन्हीकडच्या मंत्र्यांनी. आणि कुणी खेळ बंद पाडायला आलं, तर पोलिसांनी आयोजकाला बोलावू नये, बंद पाडणाऱ्याला बोलवावं. गर्दी आवरत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, हे रंगराजन नावाच्या निर्मात्याच्या सिनेमावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय.

यातून वाचणारा पैसा फार नाही, पण सिनेमा पाहायला शिकवण्यापुरता पुरेल. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून सिनेमाच्या रसास्वादाचा अभ्यासक्रम चालवत आले आहेत. सतीश बहादूर सरांनी तो विषय शिकवण्यात हयात घातली. तिथे एक दृश्य परत परत थांबवून पाहायला शिकवतात, कॅमेरा कुठे ठेवलाय, आवाज कुठून येतोय, कोण कुणाकडे बघतंय. मी त्यातला चार दिवसांचा एक वर्ग केला होता. मतं तशीच राहिली, पण मान पडद्याकडे वळवायची सवय लागली. असे वर्ग जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजांत का नसावेत? चार दिवस, एक शिक्षक, एक प्रोजेक्टर.

पुढच्या महिन्यात आम्ही ‘शेजारी’ दाखवतोय, 1941 चा, प्रभातचा. एका खेड्यातले हिंदू-मुसलमान मित्र, जीवबा आणि मिर्झा, आणि त्यांच्यात फूट पाडणारं धरण. त्याच्या हिंदी आवृत्तीत शांतारामबापूंनी हिंदूची भूमिका मझहर खानांना दिली आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांना. कंट्रोलरकाकांनी कबूल केलंय की चहा होईपर्यंत ते बोलणार नाहीत. मीही कबूल केलंय. आपण यावं. गाड्यांचा ताफा खालच्या गल्लीत मावत नाही, तेव्हा स्टँडवरून चालत यावं लागेल. खुर्च्या लोखंडी आहेत. पंखे दोन, त्यातला खिडकीकडचा चालतो. लवकर आलात तर त्याच्याखालची जागा धरून ठेवतो.

आपला,
एका तालुक्याच्या गावचा चित्रपट मंडळवाला