आई-बाबांना पत्र: गुरुवारची प्रार्थना आपल्या हॉलमध्ये नको

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा 'बरं, बरं' म्हणून मोबाइल आईच्या हातात देतात आणि आई भाजी काय केलीस ते विचारते. म्हणून लिहायला बसले. जे करून टाकलंय ते आधी सांगते, रागवायचं ते मग रागवा.

गुरुवारची सभा घेणाऱ्या आणि औषध घेणं म्हणजे अविश्वास असं सांगणाऱ्या त्या ब्रदरना मी काल फोन केला. येत्या गुरुवारपासून आपल्या घरी उपवास-प्रार्थना होणार नाही, असं सांगितलं. आवाज चढवला नाही, अहो-जाहो सोडलं नाही. ते म्हणाले, "ताई, आईवडिलांच्या आशीर्वादाच्या आड येऊ नका." मी म्हटलं, आड मी येत नाहीये, बाबांची शुगर येतेय.

तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते, आणि आपल्या घरातलं 'बघू' म्हणजे काय ते जतच्या मामांच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर जास्त लिहीत नाही. आईला वाचताना त्रास होईल.

मागच्या खेपेला मी दूध ठेवायला फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात पुढे ती अभिषिक्त तेलाची बाटली, आणि मागे इन्सुलिनचं खोकं, मेडिकलवाल्याचं बिल रबर लावून तसंच गुंडाळलेलं. उघडलेलंसुद्धा नव्हतं. आणि बाबा बाहेर हॉलमध्ये तळपायाची भेग दाखवत सांगत होते, आता पूर्वीसारखं दुखत नाही. बाबा, न दुखणं हीच काळजीची गोष्ट आहे हो! शुगर वाढून पायाची जाणीव जाते, जखम होते तेव्हा कळत नाही. हे मी नेटवर वाचलेलं नाही. आईनेच मला लहानपणी सांगितलंय, मिरजेहून ड्युटी करून आल्यावर, पाय बादलीत टाकून बसली असताना.

आई, तू गप्प राहिलीस याचंच मला जास्त वाटलं. तुला बोल लावत नाही. बाबांचं मन मोडायचं नव्हतं तुला, कळतं मला. पण तू अख्खी नोकरी मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात काढलीस. डॉ. वॉनलेस 1894 साली मिरजेत हॉस्पिटल काढून बसले ते काय प्रार्थना कमी पडत होती म्हणून? ऑपरेशनआधी प्रार्थना व्हायची आणि मग सुरी हातात घेतली जायची, हे तूच कौतुकाने सांगायचीस. त्या दोन्ही गोष्टींचं भांडण आपल्या घरात कधीच नव्हतं. ते गुरुवारी आलं.

आता बाबांशी. 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले', यशया 53:5. ब्रदर प्रत्येक सभेत म्हणतात, आणि वचन शास्त्रातलंच आहे. पण शब्बाथशाळेत, मुलांच्या बायबलच्या वर्गात, तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? वचन एकटं उचलायचं नाही. आधीची ओळ वाच, नंतरची वाच, मग तोंड उघड. त्याच वचनात आधी अपराधांचं आणि दुष्कर्मांचं बोलणं आहे. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात (2:24) हेच शब्द घेतलेत, तेही पापं वाहून नेण्याबद्दल. त्यात गोळ्या बंद करा असं कुठे आहे?

तुम्ही लगेच मत्तय 8:17 काढाल, म्हणून तेही वाचून ठेवलंय. खरं आहे, तिथे आजार बरे केल्याबद्दलच लिहिलंय. प्रभू बरं करतो, आजही करतो, यावर आपलं दुमत नाहीच. पण औषध घेणारा अविश्वासू, हे ब्रदरनी कुठून आणलं? प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास कमी पडतो म्हणून झापलं नाही. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत शहरात आजारीच सोडून आला. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. यशया 38 मध्ये हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली आणि तरीही गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला! आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. त्याला कोणी वैद्यकी सोड म्हटल्याचं मला तरी सापडलं नाही.

पैशाचं थोडक्यात लिहिते, कारण त्यावरून तुम्ही दुखावाल. 'बी पेरा' म्हणत दान मागताना ब्रदर 2 करिंथ 9 वाचतात. एक अध्याय मागे जा. ती वर्गणी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती, आणि त्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने बरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस दिला. तुम्हाला पावती तरी मिळाली का? मुदत ठेवीची कागदं मी येताना पुण्याला आणली आहेत. ती तुमचीच आहेत, मागाल तेव्हा देईन, फक्त आधी मला फोन करा.

बाबा, रात्री लाइट गेली की पायरीवर बसून तुम्ही माझ्याकडून वचनं म्हणून घ्यायचात. चुकलं तरी लिमलेटची गोळी मिळायचीच, हे दादाला अजून माहीत नाही. मत्तय 4 मधली येशूची परीक्षा शिकवताना तुम्ही विचारलं होतं, सैतानाने स्तोत्र 91 म्हणताना काय गाळलं? मी दोन दिवस शोधलं. 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढंच गाळलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, खोटं शिकवणारा बायबल घेऊनच येतो, म्हणून आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त पाठ पाहिजे. मी तेवढंच धरून बसले आहे.

आणि ब्रदरना तपासणं म्हणजे त्यांचा अपमान नाही. बिरुया शहरातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि त्याबद्दल लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून शेवटपर्यंत सोप्या मराठीत बायबल उतरवत राहिल्या, साध्या बायकांनाही स्वतः वाचता यावं म्हणून. आपण मात्र मोबाइलवर कोणी डोळे मिटून 'प्रभूने मला दाखवलं' म्हणालं की वही काढतो.

दादा दुबईला गेल्यापासून घर रिकामं झालंय, तेही मला दिसतं. गुरुवारी चपला दारापर्यंत पसरतात, पेटी वाजते, कोणीतरी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून नाव घेऊन प्रार्थना करतं. ते मी काढून घेत नाहीये. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलले आहे. गुरुवारी साडेपाचला ते स्वतः येतील, बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रापासून सुरुवात, बाबांनी वाचायचं. खुर्च्या तशाच राहू देत, शेजारच्या काकूंना येऊ दे. आई, चहा कर, फक्त बाबांचा बिनसाखरेचा, आणि मागून चमचा घालायचा नाही.

आता ऐका. इन्सुलिन आजपासून, आईने स्वतः द्यायचं. नवीन पेन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे. सुई दर वेळी नवी, काटकसर दुसरीकडे करा. रोज रात्री बाबांचे तळपाय उजेडात बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा. अंगणातही अनवाणी नको. उपवास बंद. करायचाच असेल तर टीव्हीचा करा. सोमवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, उपाशीपोटीची शुगर करायची आहे म्हणून नाश्ता डब्यात घ्या आणि रक्त दिल्यावर लगेच खा. तेलाची बाटली फेकायला सांगत नाही. याकोबाच्या पत्रातही तेल आहे, मंडळीच्या वडिलांच्या हातचं. पाळकसाहेबांना लावू दे, इन्सुलिन घेऊन झाल्यावर.

मी शनिवारी कोयना एक्सप्रेसने येते. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रिक्षा मिळते. बाबा, रागवला असाल तर गप्प बसू नका, वचन काढून भांडा. मी तयारी करून येते आहे.

तुमची,
छोटी

ता.क. आई, भडंगाचा मोठा डबा वरच्या फळीवर गेला पाहिजे. बाबांचा हात कुठपर्यंत पोचतो ते मला माहीत आहे.