आईच्या केसांसाठी पार्लरवाल्या ताईंना थँक्यू

ताई, तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय, आणि ज्यांच्या घरी हाच त्रास आहे त्यांनीही वाचावं.

आई गेली कित्येक वर्षं केस काळे करत होती. मग एकदा डाय लावल्यावर कपाळ सुजलं, कानामागे पाणी सुटलं, डोळे उघडेनात. स्किनच्या डॉक्टरांनी टेस्ट करून सांगितलं की पीपीडीची, म्हणजे डायमधल्या रंग देणाऱ्या एका रसायनाची, अ‍ॅलर्जी आहे, ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, आता काळा डाय कायमचा बंद. बाजारात काळी मेंदी म्हणून जे मिळतं त्यातही बरेचदा हेच पीपीडी असतं, त्यामुळे तेही नको. मग आईचं सुरू झालं, लग्नाला येणार नाही, भिशीला जाणार नाही. खाली काळे आणि वर बोटभर पांढरे असे केस घेऊन तिला कुठेच जायचं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

बाकी ठिकाणी एकच उत्तर, "आमच्याकडे अमोनिया फ्री आहे, काही होत नाही". अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या! पांढरे केस लपवायचेच कशाला, काळ्यातच फॉइलने बारीक हायलाइट्स (फिकट केलेल्या बटा) काढू, म्हणजे पांढरे त्यात मिसळून जातील, हे तुम्ही सुचवलंत. फॉइलमध्ये ब्लीच मुळापासून थोडं सोडून लावता येतं, म्हणजे ते डोक्याच्या कातडीला लागतच नाही, हे आईला तिच्या भाषेत समजावलंत. तरी घाई केली नाहीत. ब्लीचमधल्या परसल्फेट या रसायनाचीही काही जणांना अ‍ॅलर्जी असते म्हणून डब्यावरच्या यादीचा फोटो डॉक्टरांना पाठवायला लावलात, मग पॅच टेस्ट करून ४८ तास थांबलात, आणि आतल्या बाजूची एक बट घेऊन ती ब्लीचने किती फिकट होते तेही बघितलंत.

त्या दिवशी मी शेजारीच बसून होते. टेल कोंबच्या टोकाने तुम्ही धावदोरा घालावा तसे मधले मधले केस उचलत होतात, पांढरे खाली सोडायचे आणि डाय केलेले काळे तेवढे वर घ्यायचे, खाली फॉइल सरकवायची, ब्रशने ब्लीच लावायचं, दुमडून कडा दाबायच्या. आईचे केस पातळ म्हणून २० व्हॉल्यूमचाच, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर (ब्लीचमध्ये मिसळतात तो) घेतलात, वरून हीट दिली नाहीत. मधून मधून एखादी फॉइल उघडून ओल्या कापसाने बट पुसून बघायचात, आधी लालसर, मग नारिंगी, आणि तुम्ही म्हणालात की डायवर डाय मारून केस हलके होत नाहीत, जुना डाय असा हळूहळूच निघतो, एका बैठकीत ओढून काढला तर केस तुटतील. एक सिटिंग जास्त घेऊन पैसे मिळवायचा विचार असता तर तुम्ही पुढची तारीख एवढी लांब दिली नसतीत.

टोनरच्या, म्हणजे ब्लीचनंतर उरलेला नारिंगीपणा मारायला लावतात त्याच्या वेळी तर मला भरूनच आलं. बऱ्याच टोनरमध्ये पीपीडीचीच भावंडं, म्हणजे तसलीच रसायनं, असतात म्हणून तुम्ही चष्मा लावून बारीक अक्षरातली सगळी नावं वाचलीत, तो बाजूला ठेवलात आणि डॉक्टरांनी ओके केलेला, नारिंगीपणा कमी करणारा निळा हेअर मास्क लावलात. थोडा तांबूसपणा राहिला, राहू दे, आईच्या सावळ्या रंगाला तो फार छान दिसतो.

आता मुळं वाढली तरी ती पांढरी रेघ दिसत नाही, आणि डायच्या डब्याची गरजच संपली. आई चुलत बहिणीच्या लेकीच्या हळदीला गेली, फोटोत पुढच्या रांगेत उभी आहे. "कुठे केलेस गं?" असं तिला तिथे बायकांनी विचारलं तेव्हा तिने तुमचं नाव अगदी अभिमानाने सांगितलं.

ताई, मनापासून आभार. बारा जणींची कामं अडली असताना तुम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या केसांसाठी एवढं वाचत बसलात, हे मी विसरणार नाही. मावशीलाही डायने खाज येते, तिला घेऊन येणार आहे, तिच्या डब्याचाही फोटो पाठवते, आधी तो बघा आणि मग वेळ सांगा.