चौकशीलाही तारखाच पडणार का?

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय

सादर नमस्कार.

तालुका न्यायालयांत मी 31 वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. राज्यघटनेच्या कलम 235 नुसार जिल्हा न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, म्हणून न्यायालयीन कर्मचाऱ्यांवरच्या रखडणाऱ्या विभागीय चौकशांबद्दलचं हे पत्र मंत्रालयाला नाही, आपल्याला लिहितो आहे.

वाटणीच्या दाव्यात एक विधवा बाई दर तारखेला पहिल्या एसटीने यायच्या. दिराला काढलेलं समन्स दर वेळी परत: ‘सदर इसम मिळून आला नाही.’ चौथ्यांदा तोच शेरा, तेच अक्षर पाहिलं आणि मला राहवलं नाही. अहवालावरची तारीख हजेरीपटाशी ताडून पाहिली. त्या दिवशी समन्स बजावणारा बेलिफ रजेवर होता.

मी लेखी टिपण ठेवलं, बेलिफवर दोषारोपपत्र निघालं. पण चौकशी अधिकारी म्हणजे भरलेला बोर्ड, म्हणजे रोजच्या खटल्यांची यादी, चालवणारे न्यायाधीशच. दुपारी वेळ मिळाला तर चौकशी, नाहीतर पुढची तारीख. साहेबांची बदली झाली, एक साक्षीदार निवृत्त झाला. बेलिफ तोवर दुसऱ्या तालुक्यात समन्स बजावतच होता. माझं ताडून पाहणं दहा मिनिटांचं. चौकशीला साडेपाच वर्षं लागली. शेवटी एक वेतनवाढ रोखली. त्या बाईंना कुणी काही कळवलं नाही.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. न्यायालयीन कागदांच्या नकला देणाऱ्या नक्कल विभागातला एक सहकारी निनावी अर्जावरून निलंबित झाला. निर्वाह भत्त्यावर घर चालवताना त्याने मुलीचं शिक्षण थांबवलं. चार वर्षांनी आरोप सिद्ध झाले नाहीत, तो कामावर आला, पण कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. दोषी माणसाला लांबलेली चौकशी सोयीची असते, निर्दोषाला मात्र तीच शिक्षा होते.

दिल्लीच्या जिल्हा न्यायालयातला एक कर्मचारी 1990 मध्ये निलंबित झाला आणि नऊ वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सक्तीची सेवानिवृत्ती कायम ठेवली, पण निलंबनाचा काळ पेन्शनसाठी धरायला सांगितला. विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात संपवावी, असंही त्याच निकालात आहे. हा निकाल न्यायालयाच्याच कर्मचाऱ्याबद्दलचा आहे. तो आपल्याच कचेऱ्यांत पाळला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नियम कमी आहेत असं नाही. महाराष्ट्र नागरी सेवेचे 1979 चे वर्तणूक नियम कामावर दारू पिऊन येण्यापासून पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करण्यापर्यंत सगळ्याला लागू आहेत. घरातलं वागणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं आमच्यातले काही म्हणतात. मला ते पटत नाही. हुंडा घेणारा लिपिक सकाळी हुंड्याच्याच खटल्याची फाइल हाताळतो. मात्र भाऊबंदकीतून आलेला प्रत्येक अर्ज गैरवर्तन ठरवू नये. आणि सहकारी स्त्रीने तक्रार केली की तिचीच बदली करायची, हा प्रकार तर ताबडतोब बंद व्हावा.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून प्रलंबित चौकशांची यादी मागवावी, दोषारोपपत्राच्या तारखेसह. वर्ष उलटलेल्या चौकशा निवृत्त न्यायिक अधिकाऱ्यांकडे सोपवाव्यात, म्हणजे बोर्डावरच्या न्यायाधीशांची ओढाताण थांबेल. आरोप समन्स, मुद्देमाल किंवा नकलांबाबत असेल तर निकाल लागेपर्यंत त्या माणसाला त्या कामावर ठेवू नये. आणि ज्या पक्षकारामुळे चौकशी सुरू झाली, त्याला निकाल लागल्यावर साध्या मराठीत एक पत्र जावं. त्या बाईंचा पत्ता दाव्याच्या पहिल्याच पानावर होता.

आपला नम्र,
एक निवृत्त सहायक अधीक्षक