माघार उमेदवाराची, मत माझं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीतून उमेदवार एकेक करून कसे बाहेर पडतात, यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. हार दिसू लागल्यावर फार न ताणता बाजूला होण्यात शहाणपण असतं, असा त्याचा सूर होता. ते मलाही पटतं. पण ज्याने आपलं मत आधीच देऊन टाकलेलं असतं, तो मतदार त्या लेखात कुठेच नव्हता. मी तशी मतदार आहे, म्हणून लिहिते.

मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहते. नर्स होते, आता निवृत्त आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. 2018 साली नागरिकत्व मिळालं आणि 2020 ची डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान, ही माझी अध्यक्षपदासाठीची पहिली. मी एमी क्लोबुचर यांना मत दिलं. मिनेसोटाच्या या सिनेटर फिक्या उमेदवार होत्या, हे मी मान्य करते. मिनीआपोलिसला भर बर्फात, केस पांढरे होईपर्यंत उभं राहून त्यांनी उमेदवारी जाहीर केली, तो 10 फेब्रुवारी 2019 चा दिवस सोडला तर वर्षभर लोकांच्या लक्षात राहील असं फार काही घडलं नाही. मतचाचण्यांमध्ये त्या तळाशीच असायच्या. मुलगा म्हणायचा, "आई, या बाई चांगल्या आहेत, पण यांच्यासाठी कोणी रस्त्यावर उतरणार नाही."

मला मात्र त्यांची एक गोष्ट ठाऊक होती. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा तिला गिळता येत नव्हतं. बाळ दवाखान्यात आजारी, आणि आईला मात्र विम्याच्या नियमावर बोट ठेवून चोवीस तासांत घरी पाठवलं. त्या तेव्हा कुठल्याही पदावर नव्हत्या. त्यांनी मिनेसोटाच्या विधिमंडळात पाठपुरावा केला, समितीच्या बैठकीला आपल्या गरोदर मैत्रिणींना घेऊन गेल्या, आणि बाळंतिणीला अठ्ठेचाळीस तास राहू देणारा कायदा करून घेतला. अंगात ताप, दूध अजून नीट उतरलेलं नाही, अशा बायकांना चोवीस तासांत चाकाच्या खुर्चीवरून दारापर्यंत मी स्वतः सोडलेलं आहे. दार बंद झाल्यावर मागे फिरताना काय वाटतं, ते मला माहीत आहे. मोठं भाषण मला नकोच होतं. हे एक काम पुरेसं होतं.

आता तारखा बघा. कॅलिफोर्नियात मतदानाच्या एकोणतीस दिवस आधी टपाली मतपत्रिका निघतात. मतदान 3 मार्चला, म्हणजे आमच्या मतपत्रिका निघाल्या 3 फेब्रुवारीला, ज्या दिवशी आयोवात पहिलं कॉकस, म्हणजे पक्षाच्या सभांमधून होणारी निवड, होतं त्याच दिवशी. क्लोबुचर आयोवात पाचव्या आल्या. 11 फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये जवळपास वीस टक्के मतं घेऊन तिसऱ्या आल्या. मला वाटलं, बाईंना उशिरा का होईना, लोकांनी ओळखलं. 14 तारखेला मी पाकिटावर सही केली आणि ते पेटीत टाकलं.

2 मार्चला, मतदानाच्या आदल्या दिवशी, त्यांनी माघार घेतली आणि त्याच रात्री डॅलसच्या सभेत प्रतिस्पर्धी उमेदवार जो बायडन यांना पाठिंबा दिला. पीट बुटिजज यांनी आदल्या दिवशीच माघार घेतली होती आणि टॉम स्टायर साउथ कॅरोलायनाच्या निकालाच्या रात्री, 29 फेब्रुवारीला गेले होते. 3 मार्चला सकाळी मी घराजवळच्या मतदान केंद्रावर जाऊन विचारलं, माझं मत बदलता येईल का? तिथल्या मुलीने अतिशय प्रेमाने सांगितलं, की तुमचं पाकीट आमच्याकडे पोहोचलेलं आहे, आता दुसरी मतपत्रिका देता येत नाही. तिची काही चूक नव्हती. नियमच तसा आहे.

आपल्याकडे अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की मगच उमेदवारांची यादी पक्की होते. इथे माघार म्हणजे फक्त प्रचार थांबवणं. नाव मतपत्रिकेवर राहतं. कोरी बुकर आणि हुलियान कास्त्रो यांनी जानेवारीतच माघार घेतली होती, तरी माझ्या मतपत्रिकेवर दोघांचीही नावं होती.

अंतिम मोजणीत कॅलिफोर्नियात बुटिजज यांना सुमारे अडीच लाख, क्लोबुचर यांना सव्वा लाख आणि स्टायर यांना लाखाच्या वर मतं पडली. शर्यतीत नसलेल्या तिघांना मिळून चार लाखांहून अधिक! यांतले बरेचसे माझ्यासारखे, आठवडा-दोन आठवडे आधी पाकीट पाठवलेले असणार. पंधरा टक्के मतांच्या खाली राहणाऱ्याला, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनासाठी राज्यपातळीवर एकही प्रतिनिधी मिळत नाही, त्यामुळे या मतांचा बायडन आणि बर्नी सँडर्स या आघाडीच्या दोघांतल्या निवडीशी काही संबंधच उरला नाही. क्लोबुचर यांनी माघारीच्या भाषणात बायडन यांचं नाव घेतलं, पण माझं मत त्यांच्यामागून बायडन यांच्याकडे जाऊ शकत नव्हतं.

"घाई कशाला केलीस?" असं मला बरेच जण म्हणाले. लवकर पाठवा, लवकर पाठवा, असं महिनाभर आम्हालाच सांगितलं जातं. सांगितलेलं ऐकणाऱ्याचंच मत वाया जावं, हे मला अजून टोचतं.

आणि यावर उपाय आहे, तो त्याच वर्षी वापरलाही गेला. अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या चार राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाने मतदारांना पसंतीक्रम लावू दिला. पहिल्या पसंतीचा उमेदवार पंधरा टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही, की तेच मत दुसऱ्या पसंतीकडे जायचं. मला तेवढंच हवं होतं. पहिल्या ओळीत क्लोबुचर लिहून खाली आणखी एक नाव लिहायला मला दोन मिनिटं लागली असती. माघार कधी घ्यायची हा उमेदवाराचा हक्क आहे, तो काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्यांचे पैसे संपतात, माणसं थकतात. मतपत्रिका बदला, एवढंच माझं म्हणणं आहे. 2024 साली रिपब्लिकन पक्षाच्या रॉन डिसँटिस यांनीही न्यू हॅम्पशायरच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना माघार घेतली. पक्ष वेगळा, प्रश्न तोच.

2024 मध्ये मी मतपत्रिका आली तशी कपाटात ठेवली आणि 5 मार्चला दुपारी पेटीत टाकली. आमच्या ओळखीतल्या आणखी चार घरांनी तेच केलं. शेवटच्या दिवशी अशी ढिगाने पाकिटं येतात, प्रत्येकावरची सही ताडून बघायची असते, आणि मग कॅलिफोर्नियाची मोजणी आठवडेच्या आठवडे चालते म्हणून सगळीकडे ओरड होते. त्या ढिगात आमची पाच पाकिटं का होती, ते आपल्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

आपली एक वाचक,
सनीवेल, कॅलिफोर्निया