‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ऐकायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

शाल, श्रीफळ आणि व्यासपीठ या तिन्ही गोष्टींना आपण ठाम नकार दिलात, आणि मानधनाचा विषय निघताच चहाचे कप उचलून आत निघून गेलात. त्यामुळे आमच्या गटाकडे आभार मानण्याचा हा एकच मार्ग उरला आहे. पत्र जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच की, दादरच्या आपल्या घरी बसून आम्ही जे ऐकले ते या चित्रत्रयीवर प्रेम करणाऱ्या इतर मराठी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचावे, असे आम्हां सर्वांना वाटते.

पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट 2001 ते 2003 या काळात आले, तेव्हा आमच्यापैकी काही जण शाळेत होते आणि काही नुकते नोकरीला लागले होते. तेव्हापासून आमचे वाद चालू आहेत. अंगठीच्या मोहाने साथीदारावर उलटलेल्या बोरोमिरला क्षमा करावी की नाही, मूळ कादंबरीतला त्याचा भाऊ फारामिर पडद्यावर येताना एवढा का बदलला, तिसऱ्या चित्रपटाचा शेवट लांबला की नाही, या प्रश्नांवर आम्ही कितीतरी रविवार घालवले आहेत. मात्र हॉवर्ड शोअर यांच्या संगीताचा विषय निघाला की सगळ्यांचे ‘अंगावर काटा येतो’ या एका वाक्यावर एकमत व्हायचे आणि चर्चा तिथेच संपायची. आपण पहिल्याच दिवशी विचारलेत, ‘काटा कोणत्या वाद्याने येतो?’ त्या प्रश्नापाशी आमची खरी सुरुवात झाली.

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवण्यात आपले आयुष्य गेले. गायक, कोरस आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी वाजवत आहेत, आणि एकाचा सूर घसरला तर सगळा टेक पुन्हा घ्यावा लागत आहे, अशा काळात आपण घडलात. पाश्चात्त्य नोटेशन वाचणारे गोव्याचे वादक आणि वाद्यरचना करणारे अरेंजर हा त्या वाद्यवृंदांचा कणा होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत सेबॅस्टियन डिसूझा व्हायोलिनच्या ताफ्याला गायिकेच्या पाठीमागे कसे वेगळेच काही बोलायला लावत, हे आपण वाजवून दाखवलेत, तेव्हा ‘काउंटर’ म्हणजे काय हे आम्हांला कळले. मुख्य सुराच्या खाली दुसरा सूर चालू असतो आणि बऱ्याचदा गोष्ट तोच सांगत असतो, हे कानाला एकदा समजल्यावर मध्य-पृथ्वीतले, म्हणजे या कथेच्या कल्पित जगातले, प्रसंग आम्हांला पूर्वीसारखे दिसेनात.

आपली पद्धत प्रथम आम्हांला विचित्र वाटली होती. आपण टीव्हीवर चादर टाकायला लावलीत आणि पहिल्या चित्रपटाचा काही भाग नुसता ऐकवलात. चित्र नसताना सर्वांत आधी लक्षात आला तो जिच्याभोवती सगळी कथा फिरते त्या जादूच्या अंगठीचा सूर. शीर्षक येते तेव्हा व्हायोलिनवर जी दुखरी, वर चढून पुन्हा खाली येणारी ओळ वाजते, ती पुढे अंगठी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा परत येते. अंगठीचा जुना मालक बिल्बो ती मागे ठेवून घराबाहेर पडतो तो प्रसंग आम्ही असंख्य वेळा पाहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची घालमेल आम्हांला पाठ होती. चादरीमुळे चेहरा दिसेनासा झाला, तेव्हा ती घालमेल आधी व्हायोलिनमध्ये सुरू होते हे कळले. ‘संगीताला कथा पात्रांच्या आधी माहीत असते,’ असे आपण म्हणालात. त्यानंतर दोन-तीन बैठका आम्ही हे वाक्य खरे की खोटे, एवढेच तपासत होतो.

सर्वांत जास्त वेळ आपण अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ साथीदारांच्या सुराला दिलात, आणि ते योग्यच होते. आपला गावाकडचा मुलूख शायर सोडून कथानायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम निघतात तेव्हा तो सूर तुटक, हलक्या हाताने येतो. रिव्हेंडेलच्या सभेत नऊ जण ठरतात आणि पितळी वाद्ये तो पहिल्यांदा पूर्ण, छाती भरून वाजवतात. सामान्य प्रेक्षक म्हणून आम्ही तिथे आनंदून जात असू. आपण पुढचा भाग ऐकवलात. मोरियाच्या खाणीतल्या पुलावर जादूगार गॅन्डाल्फ पडल्यानंतर तो सूर पुन्हा त्या दिमाखात येत नाही, आणि बोरोमिर मरतो तोपर्यंत त्याचे नुसते अवशेष उरतात. टोळी फुटते हे कथानकात आम्हांला माहीत होतेच, पण ती पुलावरच फुटली होती, हे आपल्यामुळे कळले. बोरोमिरच्या दोषाबद्दलचा आमचा जुना वाद यामुळे मिटला असे मी म्हणणार नाही, परंतु त्याच्यावर सगळे खापर फोडणाऱ्या आमच्यातल्या एका सद्गृहस्थांचा आवाज त्या दिवसापासून बराच खाली आला आहे.

गॅन्डाल्फ पडल्यानंतर सगळे मोरियाबाहेर उजेडात येतात, त्या दृश्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. रडण्याचे, पायांचे, दगडांचे आवाज तिथे जवळजवळ विरून जातात आणि गायनवृंदावर एक एकटा आवाज उरतो. एखाद्या कमी धीराच्या दिग्दर्शकाने तिथे हुंदके मोठे केले असते. आपण आम्हांला तो प्रसंग दोनदा दाखवलात, एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा लावून. आवाज बंद असताना ती माणसे नुसती दमलेली दिसत होती.

दुष्ट जादूगार सारुमानच्या ऑर्थँक बुरुजाभोवतीच्या कारखान्यांवर जो ताल वाजतो तो पाच मात्रांचा आहे, हे आपण टाळी देऊन मोजून दाखवलेत. त्यात धातूच्या पत्र्यांचे आणि ऐरणीचे आवाज मिसळलेले आहेत. परळच्या रेल्वे वर्कशॉपच्या आसपास वाढलेल्या आमच्या एका मित्राला ते आवाज फार ओळखीचे वाटले आणि तो बराच वेळ त्याबद्दल बोलत राहिला. कोणीतरी लगेच ‘म्हणजे अर्धा झपताल!’ असे म्हटले. आपण हसून मान हलवलीत आणि सांगितलेत की संख्या तीच असली तरी झपतालात सहाव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा, येते, तिथे ताल श्वास घेतो. इथे पाच संपले की पुन्हा पाच, मध्ये कुठेही सैल जागा नाही, म्हणून सारुमानच्या सैन्याबरोबर आपल्याला चालावेसे वाटत नाही, आपण नुसते त्याच्या वाटेतून बाजूला होतो. हे स्पष्टीकरण मी तेव्हापासून अनेकांना सांगितले आहे, आणि दर वेळी आपले नाव न घेता ‘आमचे सर म्हणतात’ एवढेच म्हटले आहे.

रोहन राज्याच्या घोडेस्वारांसाठी शोअर यांनी हार्डँगर फिडल वापरले आहे. नॉर्वेच्या पश्चिमेकडचे हे वाद्य दिसायला व्हायोलिनसारखे असले तरी वाजवायच्या तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात आणि त्या न छेडता, नुसत्या अनुनादाने झंकारतात. आपण हे सांगताना भिंतीवर टांगलेल्या सारंगीकडे बोट दाखवलेत. तिच्या तिसाहून अधिक तरफांचे, म्हणजे अनुनादाच्या तारांचे, कामही तेच. रोहनचा वीर एओमेर, राजा थेओडेन आणि त्यांच्या ओसाड सोनेरी माळरानाचे दुःख एका बाजूने नॉर्वेतल्या फिडलमध्ये आणि दुसऱ्या बाजूने आपल्या दिवाणखान्यातल्या सारंगीत ऐकू येते, ही गोष्ट आम्हांला कुणी पुस्तकातून सांगितली असती तर आम्ही ती विसरलो असतो. आपण सारंगी खाली काढलीत, मुख्य तारेवर एकच स्वर लावलात आणि हात उचललात. स्वर थांबल्यावरही खोलीत काहीतरी चालू राहिले. त्यानंतर आपण रोहनच्या राजधानीचा, एडोरासचा, प्रसंग लावलात.

त्याच दिवशी आपण आणखी एक गोष्ट दाखवलीत. एल्फ लोकांच्या लोथलोरिएन वनातल्या संगीतात खुद्द सारंगीही आहे, आणि सुरावट हिजाझ या अरबी मकामाच्या, म्हणजे रागासारख्या स्वररचनेच्या, अंगाने जाते. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम असे आपण व्हायोलिनवर वाजवलेत आणि आमच्यातल्या गाणे शिकलेल्या दोघांनी एकाच वेळी ‘भैरव’ म्हटले. आपण तिथेही थांबवलेत. चार स्वर जुळले म्हणून राग होत नाही, रागाला ठरलेले चलन असते, थांबायचा न्यास असतो, असे आपण समजावलेत. पण हे स्वर आपल्या कानाला पहाटेचे आणि देवळाचे वाटतात, म्हणून आपल्याला त्या वनात परके वाटत नाही. उलट इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तिथे आपण दूरच्या, अनोळखी, कदाचित धोक्याच्या जागी आलो आहोत असे वाटावे, हा संगीतकाराचा हेतू असावा, असे आपले मत होते. बोरोमिर त्या वनात घाबरतो आणि आम्ही का घाबरत नाही, हा प्रश्न आमच्या गटात कुणालाही सुचला नव्हता.

इशाऱ्याच्या आगींच्या प्रसंगाबद्दल मात्र माझे आणि आपले मत जुळले नाही, आणि ते जाहीर पत्रात लिहायला आपली हरकत नसेल असे मी धरून चालते. गोंडोर राज्याच्या राजधानीपासून, मिनास तिरिथपासून, शिखराशिखरावर आगी पेटत जातात आणि गोंडोरचा सूर पूर्ण ताकदीने वर येतो, तो प्रसंग त्रयीतला सर्वांत थोर आहे असे आपण मानता. माझ्या मते त्याच चित्रपटात साथीदारांपैकी पिप्पिन गोंडोरचा कारभारी डेनेथोर याच्यापुढे गातो तो प्रसंग त्याहून मोठा आहे. ती चाल बिली बॉइड या नटाने स्वतः बांधली आहे. बाप डेनेथोर जेवतो आहे, मुलगा फारामिर मृत्यूकडे घोडा दौडवतो आहे, आणि ज्याला गाणे म्हणायला भाग पाडले आहे त्या छोट्या माणसाच्या गळ्यात दुःखापेक्षा भीती जास्त आहे. तिथे वाद्यवृंदाने हात आवरला आहे, आणि एवढा मोठा ताफा हाताशी असताना तो न वापरण्याला जे धैर्य लागते त्याचे मला अधिक अप्रूप वाटते. आपण यावर ‘वादकाला असे म्हणणे परवडत नाही’ असे उत्तर दिलेत आणि सगळे हसले, पण ते उत्तर पुरेसे नव्हते, हे नम्रपणे नोंदवते.

शेवटाच्या लांबीबद्दलच्या वादात आपण आमच्या घरातल्या शांततेवर उपकारच केले आहेत, कारण माझे यजमान दर वेळी सॅम फ्रोडोला पर्वतावर उचलतो त्यानंतर उठून भांडी घासायला जात. आमच्यातल्या एकाने तिथे तिहाईची उपमा देऊन पाहिली, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे. आपण ती लगेच खोडून काढलीत, कारण तिहाईला सम आधीच ठाऊक असते आणि इथे फ्रोडोला ती सापडतच नाही. आपण वेगळेच दाखवलेत. शायरचा सूर पहिल्या चित्रपटात टिन व्हिसलवर, म्हणजे पत्र्याच्या छोट्या पाव्यावर, खेळतो. तिसऱ्या चित्रपटात त्याच्या जागी बासरीचा भारदस्त आवाज येतो, आणि ती बासरी जेम्स गॅलवे यांची आहे. जिथून निघालो तिथेच परत आलो तरी वाद्य बदललेले आहे. शिवाय अॅनी लेनॉक्स यांच्या शेवटच्या गाण्याची चाल गॅन्डाल्फ पिप्पिनला मृत्यूनंतरच्या शुभ्र किनाऱ्याबद्दल सांगतो तिथेच आधी येऊन गेलेली असते. त्या चालीला पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा चित्रपटाने घेतला आहे, असे आपले म्हणणे. माझे यजमान आता भांडी नंतर घासतात.

त्या संगीताला पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, तिसऱ्या चित्रपटाला एकूण 11 मिळाले, वगैरे माहिती आम्हांला आधीपासून तोंडपाठ होती. आपल्याला त्यात फारसा रस दिसला नाही. आपण उलट विचारलेत की लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदात दुसऱ्या रांगेत बसून हे वाजवणाऱ्या वादकाला घरी गेल्यावर काय वाटले असेल. पडद्यावर नाव न आलेल्या मुंबईतल्या कितीतरी वादकांबरोबर आपण काम केलेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाच सुचू शकत होता. आम्ही आता श्रेयनामावली संपेपर्यंत उठत नाही, आणि यात आपल्याला खूश करण्याचा हेतू नाही.

पुढच्या बैठकीत दुसऱ्या चित्रपटातले हेल्म्स डीपचे युद्ध घ्यावे, असे सर्वांचे मत आहे. एल्फ तटबंदीत येतात तेव्हा लोथलोरिएनचा सूर लष्करी चालीत येतो असे मला ऐकू आले. ते बरोबर आहे का, एवढे आपण चादर टाकून तपासून द्यावे. तारीख आपल्या सोयीने ठरवू. चहा आम्ही आणू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
दादर-माहीमच्या रविवारच्या गटाच्या वतीने
एक श्रोती